दोष आढळला नाही

हिरा होडेकर म्हणाली, गाडी मरते.
आजारी नाय पडत. सरळ मरते.
धा मिनटांनी उठते, जशी काय डुलकी लागली होती.

पांढरी ईको, मागच्या सीटा काढून टाकलेल्या,
पत्र्यात मुरलेला म्हाकुळाचा वास,
आरशाखालचं लिंबू सुकून सुपारीएवढं.
मी स्कॅनर लावला
(अजून सात हप्ते बाकी आहेत त्याचे),
पडदा उजळला, विचार केल्यासारखं केलं,
मग म्हणाला: दोष आढळला नाही.

पिवळा दिवा? कधीच लागला नाय, म्हणाली.

मग जुन्या वाटेनं निघालो.
पेट्रोलचा दाब बरोबर. प्लग काढले,
चारही विटकरी, कोरडे.
थ्रॉटल धुतला, कॉइल बदलून बघितली,
पान्याच्या मुठीनं रिले ठोकले,
इंजिन चालू ठेवून एकेक वायर हलवली,
तापू दिलं, पंखा तीनदा फिरून थांबला.
नौशाद, माझा पोऱ्या, तेवढ्यात दोन वडापाव संपवून मोकळा.
शृंगारतळीच्या त्या उन्हात गाडी घुरघुरत राहिली,
मासळी खाऊन बसलेल्या मांजरीसारखी.

म्हटलं, घेऊन जा, काही नाही.
काय नाय कसं? मी काय भुताची गोष्ट सांगतंय?

चौथ्यांदा आली, तेव्हा पैसे मागायची मलाच लाज वाटली.
कुठे मरते नेमकी?
दाभोळच्या जेटीवर. बोटीत घालताना.
जाताना की येताना?
येताना. जाताना रिकामी असते, गप जाते.
सकाळचे साडेनऊ होते
आणि रेडिओवरचं घड्याळ बारा दाखवत होतं.
ता तसाच, ती म्हणाली. मरून उठली की हिचे बारा वाजलेले.

मी हसलो. मग हसायचा थांबलो.
इंजिन बंद पडलं तर घड्याळाचं काय जातं?
म्हणजे इंजिन नाही,
अख्ख्या गाडीची शुद्ध जात होती पळभर,
आणि ज्यानं नोंद ठेवायची तोच बेशुद्ध.
जागा झाल्यावर तो बिचारा काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी पहाटे गेलो तिच्यासोबत पलीकडे.
लिलाव, चिखल, सात क्रेट बांगडा, दोन कोळंबी,
वर बर्फ फोडून.
मी मागे उलट्या क्रेटवर, हातात टॉर्च.
जेटीचा उतार लागला, गाडीनं नाक पाण्याकडे केलं
आणि बर्फाचं पाणी निघालं
पत्र्याच्या पन्हाळीतून पुढे, सावकाश,
रस्ता पाठ असल्यासारखं
ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटखाली शिरलं.
क्रेट एक बोट सरकले.
गाडी मेली.

बोटीवरचा खलाशी ओरडला, मागचा टेम्पोवाला ओरडला,
हिरा दोघांपेक्षा मोठ्यानं ओरडली.

सीट उचलली. बॅटरीची अर्थ वायर
जिथे बॉडीला धरते, तिथे बोल्ट कसला,
हिरवी, खारट, सुजलेली एक गाठ.
बोट लावलं तर भुगा.
वायरीतल्या तारा खाऊन झालेल्या, तीन उरलेल्या,
आणि उतारावर ओझं पुढे आलं की
त्या तिघींना ताण.
आजच्या पाण्यानं काही केलं नव्हतं.
त्यानं फक्त पाच वर्षांची वाट दाखवली.

ती बोट गेली. पुढची येईपर्यंत
जेटीवर उकिडवा बसून घासत राहिलो,
लोखंड पांढरं दिसेपर्यंत. नवा बोल्ट, नवी वायर,
वर ग्रीसचा जाड गोळा.
शेवटी स्कॅनर लावला, सवय म्हणून.
दोष आढळला नाही.
तेच वाक्य, त्याच अक्षरांत.

घड्याळ लावू का, विचारलं.
ऱ्हाऊ दे, हिरा म्हणाली, चाललं तर बघू.
बारा चार. बारा पाच.
खाडीच्या मध्यावर बारा अकरा.
धोपाव्याच्या चढाला लागलो तेव्हाही आम्ही दोघं
रस्त्याकडे कमी, त्या चुकीच्या वेळेकडेच बघत होतो.