अर्थ

उद्यमनगरात, लेथच्या कर्कशात,
शिकलगारमामांनी बॉनेट उघडलं
आणि आधी माझ्याकडं बघितलं.
"किती बॅटऱ्या बदलल्या?"
दोन, मी म्हणाले. तिसरीची चौकशी चाललीय.

फियाट, बासष्टची. रात्री रंकाळ्यावरनं येताना
हेडलाइट पांढऱ्याचे पिवळे, पिवळ्याचे तांबडे.
डॅशबोर्डवरचा लाल ठिपका तेवढा
झोप न लागलेल्या डोळ्यासारखा.

पट्टा अंगठ्यानं दाबला. ठीक.
ब्रश काढले, फुंकले, परत बसवले.
"कटाउट उघडझाप करतंय, बिचाऱ्याचा दोष न्हाई."
मग मीटर. डायनामोवर चौदा.
बॅटरीवर बारा, वर थोडी चिल्लर.
"ह्यो कमावतोय. घरात पोचंना."

एक टोक डायनामोच्या अंगाला,
एक बॅटरीच्या मायनसला.
इथं काटा हलायला नको होता.
हलला.

मामा गाडीखाली सरकले. तिथनंच आवाज,
"रंग कुणी दिला?"

मी. गेल्या दसऱ्याला. आप्पांच्या वेळचा
तोच आभाळी निळा, चार दुकानं हिंडून,
नट काढून, पट्टीच्या खालीसुद्धा.
कुठं म्हणून जागा सोडली नाही.

"देखणा दिलाय," ते म्हणाले,
"पण गाडीला अर्थच मिळंना."

पॉलिश पेपरचा तुकडा. खर्र, खर्र.
रुपयाएवढं लोखंड उघडं.
नट आवळला. सेल मारला.
लाल ठिपका मिटला.

मी उगाच अॅक्सिलेटर दाबत बसले.
"पुरं करा ताई," मामा हात पुसत म्हणाले,
"पेट्रोल जळतंय."