बॉडमिनच्या माळावर तपासणी

कौन्सिलची गाडी चिखलात रुतली
तेव्हा ढकलायला तोच आला. जोरी.
बारा वर्षांचा, नखांत शेवाळ.
फायलीत तो दीड ओळीत मावला होता:
शाळेत नाव नाही,
घरीच शिकतो.

मी बघायला आले होते
काय शिकतो, कोण शिकवतं, पुरेसं आहे का.
‘पुरेसं’ला कायद्यात जागा आहे,
माप नाही.

त्याची आई लव्हडे.
पंधराव्या वर्षी तिनं शाळा सोडली
की शाळेनं तिला,
ते तिचं अजून ठरायचंय.
“आमच्याकडे घंटा नाही,” म्हणाली,
“पोराला शिकणं भुकेसारखं लागतं.
लागली की खातो.”
वाक्य चांगलं होतं. मी उतरवून घेतलं.
कुठल्या रकान्यात घालायचं ते कळेना.

जोरीनं त्याचा बांध दाखवला.
चुना नाही, सिमेंट नाही,
दगडावर दगड, मधे माती,
प्रत्येकाचं तोंड बघून बसवलेला.
“सरळ सांधा आला की भिंत तिथंच फाटते,
वरचा खालच्या दोघांवर टेकला पाहिजे.”
एक दगड माझ्या हातात दिला.
मी चुकीचा ठेवला.
तो काही बोलला नाही.
काढला, फिरवला,
परत माझ्याच हातात दिला.

जतच्या शाळेत हिरेमठ गुरुजी
पावकी-निमकी उलटी म्हणून घ्यायचे.
काय शिकायचं ते पुण्यात ठरायचं,
कसं, ते निर्गुडीच्या फोकावर,
आणि कशासाठी, ते वडिलांनी ठरवून टाकलं
मी पाचवीत असतानाच, जेवता जेवता,
एका शब्दात. नोकरी.
वहीच्या मागच्या पानावर मी शेळ्या काढायची.
पुढची पानं तपासली जात.
मागचं कुणी उलटलं नाही,
म्हणून तेवढं माझं राहिलं.

आणि आता बघा,
तपासणारी मी.
खरं सांगते, पावकी अजून उपयोगी पडते.
शेळ्या नाही पडल्या कधी.

लव्हडे चहा टाकायला आत गेली
तसा जोरी मेंढवाड्यातून बाटली घेऊन आला,
माझ्यापुढे धरली, आवाज खाली.
“किती पाजायचं ते वाचून दाखवा.
आईला नका सांगू.”
मागच्या महिन्यात अंदाजानं पाजलं होतं.
पुढचं त्यानं सांगितलं नाही,
फक्त बांधापलीकडे बघितलं,
तिथं थोडी माती उकरलेली होती.

मी वाचलं: दर पाच किलोला एक मिली.
“बारा किलोचं आहे,” तो म्हणाला,
आणि मी बोटं मोडायच्या आत,
“म्हणजे अडीचला जरा कमी.”
बरोबर होतं.

“वाचायला शिकायचंय तुला?”
त्यानं बाटलीचं बूच घट्ट केलं, सैल केलं,
पुन्हा घट्ट केलं.
“तुमच्यासारख्या येतात,” म्हणाला,
“त्या आईला विचारतात.
आई म्हणते, मी मोकळा आहे.”
मग थोड्या वेळानं,
“मोकळाच आहे मी.”

वारा एवढा की फॉर्म गुडघ्यानं दाबून धरावा लागला.
पालकांचं म्हणणं, त्याला अर्धं पान.
अधिकाऱ्याचं म्हणणं, त्यालाही तेवढंच.
खाली शिक्क्यासाठी चौकोन.
पोराला कुठं जागाच नव्हती,
समासात मावला असता
नावापुरता.

मी कागद उलटला.
मागची बाजू कोरी.
पेन त्याच्या हातात दिलं.
त्यानं ते फिरवून पाहिलं, सावकाश,
दगड पाहतात तसं,
तोंड कुठल्या बाजूला आहे ते शोधत,

आणि दारात लव्हडे,
तीन कप एका हातात पेलून,
विचारत होती
साखर किती.