खांब नंबर सहा

तापीच्या पुलाच्या सहाव्या खांबात
एक पाळणा आहे लोखंडाचा.
दोन माणसं, दोनशे किलो.
पाटी मीच पुसतो.

दर मंगळवारी एकदा खाली, एकदा वर,
कुणी नसलं तरी.
नाहीतर रस्ता विसरेल तो, रुबाब तडवी म्हणायचे,
ग्रीसचा डबा मांडीत धरून.

बाहेर सत्तेचाळीस डिग्री,
आत रांजणाच्या पोटातला गारवा.
डोक्यावरून केळीचे ट्रक जातात,
भरलेला कोणता, रिकामा कोणता,
काँक्रीट सांगतं पाठीला.

त्या एप्रिलात आवर्तनाचा भोंगा झाला
तेव्हा वाळूतल्या वाडीवर शेवटची तोड चालू होती.
रुबाबभाई पाळणा घेऊन खाली गेले.
दार उघडलं तर जोत्यावर
भोई नवरा-बायको, कडेवर पोर,
शेळी,
आणि घोट्याला लागलेलं पाणी.
"आठेच मरूत का, भाऊ?"

त्यांनी पाटी वाचली.
शेळीकडे पाहिलं.
मग बाहेर आले.
"हिलाबी घ्या आत. मी शिडीनं येतो."

एकशे बारा पायऱ्या.
वर मी झाकणाशी ओणवा,
अंधारातून त्यांची धाप ऐकत.
शेळी केव्हाच रस्त्याकडेचं गवत खात होती.

नोंदवहीत त्यांनी भार लिहिला:
माणसं अडीच, शेळी एक.
साहेबांनी शेळी खोडली.

आधी गुडघे रिटायर झाले, मग ते.

अजून एखाद्या मंगळवारी
खालच्या दाराशी टरबूज असतं,
देठ ओला.
मी त्याला एकट्यालाच वर पाठवतो
आणि शिडी धरतो.