बद्द

उद्यमबागेत, तिसऱ्या शेडमध्ये,
सातेरी होनगेकरला अकरा दिवस आधीच ठाऊक होतं
की पंपाच्या बॉडीत भोकं पडतायत.
सुईच्या टोकाएवढी. वाळू ओली होती, एवढंच.

त्यानं लांबी भरली, वर रंग मारला,
आणि गुरुवारच्या मीटिंगला म्हणाला, "बरोबर आहे, साहेब."
शेजारी बसलिंगप्पानं मान हलवली, "बरोबरि ऐत्रि."
दोन भाषांचं आमच्या शेडमध्ये
एवढ्या एका शब्दावर एकमत.
मी तो वहीत उतरवला, वरच्यांना पाठवला,
पाठवताना आणखी थोडा चकचकीत केला.

पुण्याहून ट्रक परत आला.
चारशे बारा नग, एकेकाच्या पोटातून पाणी झिरपलेलं.
मी ओरडलो. सातेरी बुटांकडे बघत होता.
"सांगायचं नाही होय, मर्दा?"
खूप वेळानं म्हणाला,
"मोनाप्पानं सांगितलं होतं की मागल्या दिवाळीत."

मोनाप्पा.
ज्यानं भट्टीची भेग दाखवली,
ज्याला मी म्हटलं, आधी उपाय आण, मग तोंड उघड.
तेव्हापासून तो रात्रपाळीला, ग्राइंडरवर.
बदलीच्या कागदावर सही माझी,
कारणाच्या रकान्यात "कामाच्या सोयीसाठी".
भेग मी लपवली नव्हती. फक्त
सगळ्यांना दिसेल अशा जागी
मोनाप्पाला ठेवला होता.

ओतीव नगाची परीक्षा सोपी.
हातोडीनं टिचकी मारायची,
धड असेल तर खणकन बोलतो,
तडकलेला बद्द.
माणसांना हातोडी लावून चालत नाही,
भीतीनं तीही खणखणीत वाजतात.

या सोमवारी टेबलावर आधी माझा कागद ठेवला.
वाळूचा ड्रायर बिघडलाय, मला मार्चपासून माहीत होतं,
खर्च मागायला मी घाबरलो.
कुणी काही बोललं नाही.
पंखा फिरत राहिला. बसलिंगप्पा
बिनसाखरेचा चहा ढवळत बसला.
मोनाप्पाला दिवसपाळी दिली,
त्यानं आभार मानले नाहीत.

बुधवारी, भोंगा व्हायच्या वेळी,
मोल्डिंगचा नवा पोरगा, भैरू, दारात घुटमळला.
हात पाठीमागे, हातात काहीतरी जड.
"साहेब, एक जरा... बद्द वाजालंय."

मी पेन खाली ठेवलं.
आता चेहरा कसा ठेवायचा
हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं.