वॉटर पंप येईपर्यंत

पुढचा पेट्रोल पंप एकशेचार मैलांवर,
मागचा त्र्याऐंशी.
मधे मी, टोइंगचा ट्रक,
आणि पत्र्याच्या शेडवर बापानं रंगवलेलं आमचं आडनाव.
त्यातलं एक अक्षर वाऱ्यानं केव्हाच नेलं.

मंगळवारी त्यांना ओढून आणलं.
अठ्ठावीस फुटी घर, चाकांवर.
पुढून वाफ, मागच्या काचेवर पार्कांची स्टिकरं,
झायन, ब्राइस, टेटन, ग्लेशियर,
एकावर एक, कडा उन्हानं वळलेल्या.
थॅडियस उतरला टोपी हातात धरून,
कुणाच्या दारात उधार मागायला आल्यासारखा.
व्हर्लीन उतरलीच नाही.
आत पडलेल्या बरण्या वेचत होती.

पंप रीनोहून येणार. शुक्रवारी. कदाचित.
नेवाडात 'कदाचित' हा एक वार असतो,
शुक्रवार आणि सोमवारच्या मधला.

मग घर माझ्या आवारात मुक्कामाला.
आधी त्यानं चाकांखाली फळ्या सारल्या.
तिनं आत ओट्यावर एक अंडं ठेवलं
आणि खिडकीतून ओरडत राहिली,
"डावीकडे. अजून. घरंगळतंय रे, अजून!"
अंडं थांबलं
तेव्हा कुठे ती खुर्च्या घेऊन बाहेर आली.

ओहायोतलं घर विकलं, म्हणाली.
चाळीस वर्षांचं, पाच दिवसांत रिकामं.
पियानो न्यायला आलेला माणूस
स्टूल न्यायचं विसरला.
ते आता गाडीत. त्यावर बसून हा बूट घालतो.

झायनच्या बोगद्यात म्हणे
समोरची सगळी वाहनं रोखून धरली,
आणि हे दोघं मधोमध, वरात निघाल्यासारखे.
ग्लेशियरच्या घाटात एक रानबकरा
रस्त्यात ठाण मांडून, टोल वसूल करणाऱ्याच्या तोऱ्यात.
थॅडियस सांगायचा, ती दुरुस्त करायची:
बकरा नव्हता, बकरी होती.
बुधवारी नव्हे, तू रुसला होतास त्या दिवशी.

मी ऐकत होते, नट सोडवत.
माझ्या नकाशात दोनच गावं:
जिथं गाडी बंद पडते ते,
आणि हे.

"इथं बघण्यासारखं काय?" तिनं विचारलं.
"काही नाही," मी म्हटलं. "आभाळ आहे."
गुरुवारी रात्री तिनं नातवाची बॅटरी काढली,
जांभळ्या उजेडाची. म्हणाली, दिवे घालव.

टायरांच्या ढिगाखाली,
शेडच्या पायाशी,
मी रोज जिच्यावर बसून जेवते
त्या पायरीच्या फटीत,
विंचू.
हिरवट निळे, पेटलेले.
जुन्या बॅटरीच्या टोकांवर फुलतो ना क्षार,
तो रंग.

मोजले. सत्तावीस.
बावन्न वर्षं इथं बूट झटकून पाय घालतेय
आणि लोकांना सांगतेय, आम्हाला शेजार नाही.

एका मादीच्या पाठीवर पिल्लं,
तांदळाच्या दाण्याएवढी, दाटीवाटीनं.
ती तेवढी चमकत नव्हती.
कातडी अजून कच्ची.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, म्हणतात लोक,
जरा हिणवूनच म्हणतात.
थॅडियस गुडघ्यांवर बसला, हाडं वाजली,
आणि बराच वेळ उठला नाही.
व्हर्लीननं उजेड हलू दिला नाही.

पंप शनिवारी आला.
दुपारी तीनपर्यंत बसवला, पैसे मोजून घेतले,
वीस डॉलर कमी सांगितले, ते त्यांना कळलं नाही.
फळ्या निघाल्या. हात हलले.
धुळीचा एक पट्टा पश्चिमेला गेला आणि बसला.

शेडच्या दारात पियानोचं स्टूल.
चिठ्ठी वगैरे काही नाही.
गोल फिरवलं की उंची बदलते.
मला अजून ती जमलेली नाही.

बॅटरी ती घेऊन गेली.
आता दिवे घालवले तर अंधारच दिसतो.
तरी आवारातून जाताना पाऊल हळू पडतं,
झोपलेल्यांच्या अंथरुणांमधून जाताना पडतं तसं.

सोमवारी फोन वाजला.
एकसष्टाव्या मैलापाशी कुणाचं तरी घर बंद पडलंय.
साखळी घेतली, पाण्याचे कॅन घेतले.
आणि निघता निघता परत येऊन
फ्रिजमधलं एक अंडं.