निशाणी सात

मनामाच्या एजन्सी कोर्टात मी टंकलेखक,
मूळचा देवगडचा, पगार पंचाहत्तर रुपये.
तिथेही तेव्हा आपलाच रुपया चालायचा
आणि आपलीच दंडसंहिता.
दोन्ही एकाच बोटीनं आली असावीत.

मन्सूर बिन सरहान वकील.
काळा कोट मुंबईत शिवलेला,
जिदहफ्सला नऊशे खजुराची झाडं, साहेबाच्या सनदेवर,
दोन झरे, आणि पाण्याच्या पाळ्यांची वही:
कुणाची सावली किती पावलं झाली
की पाट कुणाकडे वळवायचा.
"कायदा म्हणजे पाट, हिर्लेकर," ते म्हणायचे,
"उताराकडेच जातो. उतार आपण काढायचा."
हुशार माणसाचं बोलणं, म्हणून मी टिपून ठेवलं.

मग अब्दअली पडला.
तीस हातांवरून, घड कापताना.
बाईनं दावा लावला.
वकीलसाहेब स्वतःच्या बाजूनं स्वतःच उभे राहिले:
दोर मयताचा, गाठ मयताची,
आमचं काय ते झाड,
आणि झाड जागचं हललेलं नाही.
कोर्ट हसलं.
मीही हसलो, टाइप करता करता.

निकालानंतर जहरानं दोर मागितला.
"निशाणी आहे, मिळायची नाही," मी म्हणालो.
वकीलसाहेबांनी तो सहज उचलला,
तळव्यांनी गुळगुळीत झालेला,
हातातून सरकवत टोकापर्यंत आले
आणि थांबले.
त्या दिवशी छत्री विसरून गेले.

पुढे मोतीबाजारात पिंपावर उभं राहून भाषणं.
पाणवह्यांची होळी, पहिली वही स्वतःची.
तेलकंपनीच्या फाटकात तीन दिवस हरताळ,
मशिदीवाले नि मातमवाले एका चटईवर,
आणि पोरं भिंतीभिंतीवर खडूनं लिहायची:
हिशेब दाखवा.
वकिलाचीच घोषणा ती.

हद्दपारीचा हुकूम मीच टाइप केला.
कलम एकशेचोवीस अ.
आमच्या किनाऱ्यावर या कलमाला
घरोघर नावानिशी ओळखतात.
रात्री लाँचमध्ये चढताना
त्यांनी कंदिलाशी धरून हुकूम वाचला,
माझं पेन मागितलं,
स्वतःच्या नावातलं चुकलेलं अक्षर दुरुस्त केलं.
"असंच पाठवलंत तर अपिलात सुटेन, हिर्लेकर.
मला सुटायचं नाही."
लाँच गेली.
धक्क्यापाशी पाण्यावर तेलाचे रंग
बराच वेळ फुटत राहिले.

जहरा अजून येते, महिन्यातून एकदा.
ते परतले का, असं कधीच विचारत नाही.
"दोर," म्हणते.
समितीच्या अकरा मागण्यांत
तिच्या भरपाईची मागणी नव्हती.
मीच टाइप केल्या, म्हणून सांगतो.

मी कपाट उघडतो.
गाठ जशीच्या तशी आहे,
दोर मधेच तुटलेला.
टोकाला एक निळा धागा विणलेला,
जिदहफ्सच्या वखारीची खूण.
निकालपत्रात त्याचा उल्लेख नाही.