एकोणीस-वीस

बॉनेटखालच्या पट्टीवर तीन आकडे ठोकलेत.
तेवढ्यावर रंग मिळेल असं ज्याला वाटतं
त्याने खुशाल मिळवावा.
एक्याण्णव साली याच गावच्या कारखान्यातून
ही गाडी कुठला लाल लेऊन निघाली, ते आकडे सांगतात.
पुढे तिचं काय झालं, ते नाही सांगत.

हिल्काबाईंनी ती छप्पर मागे दुमडून आणली,
जूनमध्ये, अकरा अंशांत, कानटोपी घालून.
छप्पर लावूनच चालवायची तर साधी गाडी काय वाईट होती,
असं ओइवा म्हणायचा;
आणि ओइवा गेल्यावर त्याचं जास्तच ऐकावं लागतं.

बॉनेटवर खडीचे टोचे.
उजव्या मडगार्डवर कुणाच्या तरी सायकलची रेघ.
डाव्या दारावर मिठाच्या पाण्याचे डाग.
फार नाही. काडीच्या टोकाने भरेल इतकंच.

पण कुठला लाल?
दाराच्या बिजागरीपाशी, ऊन पोचलं नाही तिथे,
तो अजून एक्याण्णवचाच: गडद, जरा उद्धट.
बॉनेटवर गाजराकडे झुकलेला.
आणि छप्पर दुमडून बसतं त्या खाचेच्या काठावर
दोन्ही लाल शेजारी शेजारी,
भांडण झालेल्या बहिणी बाकावर बसतात तसे.

आकड्यांचा लाल घेतला.
पिवळ्याचा एक थेंब. पांढऱ्याचा अर्धा.
अर्धा थेंब पाडायला शिकण्यात माझी सहा वर्षं गेली.
काडी बुडवायची, पूर्ण निथळू द्यायची,
मग काडीला जे आठवतंय तेवढंच डब्यात.

पत्र्याच्या तुकड्यावर पट्टा ओढून बाहेर आलो.
ट्यूबलाइटखाली सगळेच लाल एकमेकांचे नातलग;
खरं काय ते आभाळ सांगतं.
आणि ऊसिकाउपुन्कीच्या आभाळाला जूनमध्ये झोप नसते.
रात्री साडेदहालाही अंगणात उभं राहता येतं
डोळे बारीक करून,
घरून दोनदा फोन येऊन गेल्यावरसुद्धा.
चौथा पट्टा ओला असतानाच जुळला,
म्हणजे चुकला.
लाल वाळताना मनाला लावून घेतो, गडद होतो.
ओला किंचित फिकाच हवा.
पाचवा.

सकाळी डाव्या दारावर
साबणाच्या पाण्यातला दोन हजार नंबरचा कागद फिरवत होतो,
तर मुठीखाली काहीतरी लागलं.
डोळ्याला नाही. बोटाला.
नखाएवढा उंचवटा.
हा रंग कारखान्याचा नव्हे,
माझ्यासारख्या कुणाचाही नव्हे.
अ‍ॅसिटोनची चिंधी टेकवली. चिंधी गुलाबी झाली.
नेलपॉलिश.

गेलेल्या माणसाची लबाडी उघडी करणं
माझ्या मजुरीत बसत नाही.
चिंधी खिशात घातली.
पण बाई मागेच उभ्या होत्या, कॉफीचा कप घेऊन.

"हा वास," त्या म्हणाल्या.
कप माझ्या हत्यारांच्या पेटीवर ठेवला,
चष्मा कपाळावर सारून दाराला जवळजवळ नाक लावलं.
"चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात माझी नवी बाटली नाहीशी झाली.
केर्टू आठवडाभर राहायला आली होती.
मी तिला तोंडावर विचारलं. ती सामान बांधून निघाली.
तेव्हापासून नाताळचं कार्ड.
नुसती सही."

मी कागद पाण्यात बुडवत राहिलो.
गरज नव्हती.

"आणि हा गधडा," त्या दाराला म्हणाल्या,
"समोर बसून दोघींना कॉफी ओतत होता."

धंद्यातला माणूस म्हणून सांगतो,
जुळवणी वाईट नव्हती.
एकोणीस-वीस.
तीस वर्षं कुणाला दिसली नाही.

बाई फोन घेऊन अंगणात गेल्या.
पलीकडे बराच वेळ वाजत असावं.
मी ब्लेडने काडीला टोक काढलं,
बॉनेटवरच्या पहिल्या टोच्यात थेंब सोडला,
किंचित फिका,
आणि हात मागे घेतला.

"केर्टू? मी.
नाही, नाही, कुणी गेलं नाही.
तू बसली आहेस ना?"